देवाजवळचं पाकीट

‘तिकीट उभ्या उभ्या देऊ नको. पाहुण्याले पाटावर बसव, पाय धुवाले पाणी दे, कपाळाले गंध लाव, मंग त्याच्या हातात दे. आणि त्याच्या आधी पाकीट उघडू नको. कोणाचं कोणतं हे आधी पाहून ठेवलं का मनात खोट येते.’

यादोरावांना जाऊन तीन वर्षं झाली होती, पण मंडईच्या सकाळी रुखमिणीच्या कानात आधी नवऱ्याचा हा आवाज यायचा आणि मग कोंबडा आरवायचा. ती काकडआरती करून परतली होती. न्हाणीघरातलं पाणी तापलं होतं. देवघरात विठ्ठलाच्या तसबिरीला टेकवून ते जाड पाकीट चार दिवस उभं होतं. रोज देवाला वाहिलं तसं तिनं त्यालाही हळदीकुंकू वाहिलं होतं. पाकिटावर नातीच्या, मोनूच्या, अक्षरात ‘आल्याबरोबर उघडा’ असं लिहिलं होतं. ते तिनं वाचलंही होतं. पोरांना धीर नसतो, असं म्हणून तिनं वर आणखी दोन फुलं ठेवली होती.

करडीची मंडई म्हणजे दिवाळीनंतरचा गावाचा मोठा दिवस. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, दुपारी बाजार भरतो, दंडार नाचते आणि रात्री मांडवात नाटक होतं. पाहुण्यांच्या नाटकाची तिकिटं यजमानानं काढायची आणि मंडईच्या सकाळी सगळ्यांसमोर पाकीट उघडून वाटायची, ही यादोरावांनी घालून दिलेली रीत. खुर्चीचं तिकीट कोणाला आणि चटईचं कोणाला, यावर माणसाची या घरातली किंमत ठरायची. कामिनीला, म्हणजे रुखमिणीच्या लेकीला, नऊ वर्षांपूर्वी एकदा चटईचं तिकीट आलं होतं. तेव्हापासून एकही मंडई ते ऐकल्याशिवाय पार पडली नव्हती.

यंदा तिकिटं मोनूनं पाठवली होती. रुखमिणीच्या मुलाची, भुपेंद्रची, एकुलती एक लेक. चेन्नईला गाड्या बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागून तिला दीड वर्ष झालं होतं. ‘बाबा, यंदाची तिकिटं माझ्याकडून, किती पाहिजे ते सांगा,’ असं तिनं फोनवर म्हटलं होतं, आणि भुपेंद्रनं छाती फुगवून ‘सहा’ म्हणून सांगितलं होतं. दोन तिकिटं कोणासाठी, ते मात्र त्यानं लेकीला सांगितलं नव्हतं. ती दोन डोमाजी आणि सुशीलाबाईंसाठी होती. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेल्यावर नव्या वसाहतीत घर बांधलेलं हे सधन कुटुंब, मुलगा सरकारी नोकरीत. कामिनीनं हे स्थळ आणलं होतं. मंडईच्या निमित्तानं त्यांनी घर पाहायचं, आणि मोनू सुटीत आली की मुलगी पाहायची, असा बेत होता.

नऊ वाजता ओसरीवर पाट मांडले. डोमाजी लुगड्याच्या घडीसारखं चापूनचोपून धोतर नेसलेले, बसल्या बसल्या गोठ्याकडं मान वळवून बघत होते.

“बैल नाही ठेवले काय, गुरुजी?”

भुपेंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचा, त्यामुळं त्याला सगळे गुरुजीच म्हणत. “बाबा गेले, तं कोणासाठी ठेवाचे जी,” तो म्हणाला.

“यादोरावचा गोठा बैलाविना म्हणजे देवळात मूर्ती नाही,” डोमाजी म्हणाले. “पटावर त्यांची जोडी सुटली का पुऱ्या दानीवर शांतता.”

शंकरपटाचं, त्या बैलांच्या शर्यतीचं, नाव निघालं की रुखमिणी पदर सारखा करायची. आताही तिनं केला. तीस वर्षं नवरा दानीवर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, छकड्यात उभा राहून बैल पळवत होता आणि तिनं एकही पट डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो घराबाहेर पडला की ती दिवा लावायची, पाणी सोडायची, आणि तो परत उंबऱ्यात येईपर्यंत घोटभरही घ्यायची नाही. तिच्या सासूनं तेच केलं होतं. छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या बायकोनं दुसरं करायचं तरी काय?

गंध लावून झालं. सून शुभांगी वड्यांची परात ठेवून दाराशी उभी राहिली. तिच्या हाताला पीठ तसंच होतं आणि चेहरा उतरला होता. रुखमिणीला वाटलं, पहाटेपासून तळणात आहे, थकली असेल.

“आई, यंदा चटई निघाली तं मी सरळ तुमसरची एसटी पकडीन,” कामिनी म्हणाली.

“चटईवर बसून तुझं काय झिजलं वो?”

“झिजलं नाही. नणंदा अजून मोजतेत.”

सगळे हसले. रुखमिणीनं पाकीट कपाळाला लावलं आणि फोडलं. आतून सहा चकचकीत, पोस्टकार्डाहून लांब तिकिटं निघाली, आणि एक घडी घातलेला कागद. कागद तिनं मांडीखाली ठेवला. पहिलं तिकीट डोमाजींच्या ओंजळीत दिलं, दुसरं सुशीलाबाईंच्या. मग घरच्यांना वाटली. शेवटचं स्वतःपाशी ठेवलं.

डोमाजींनी तिकीट डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं. “मोठं फैनाबाज तिकीट हाय गुरुजी. नाटकात मोटारगाडी आणून राहिले काय?”

तिकिटावर लाल रंगाची, जमिनीला चिकटून पळणारी गाडी होती.

“नाटकाचं नाव काय दिलं?” सुशीलाबाईंनी विचारलं.

भुपेंद्रनं स्वतःचं तिकीट वाचलं. मग उलटं करून वाचलं. 

कामिनीनं वाचलं, मोठ्यानं. “रविवार, दुपारी अडीच. मोटार रेस. चेन्नई.”

बाहेर मांडववाले लाउडस्पीकर तपासत होते. ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ एवढाच आवाज घरात येत होता.

“म्हणजे नाटकाचे तिकीट नाहीत?” रुखमिणीनं विचारलं.

“नाहीत, आई. रेस आहे. गाड्या पळवतेत. चेन्नईले, परवा.”

“परवा?” रुखमिणीनं पाकिटाकडं पाहिलं. चार दिवस. हळदीचे डाग ‘आल्याबरोबर’ या शब्दावर पसरले होते.

“आता शर्यत पाहाले पैसे द्याचे?” डोमाजींना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. “साठ वर्षांत म्या शर्यतीचं तिकीट नाही पाहिलं. शर्यत म्हणजे आखरावर, उघड्या मैदानात, उभं राहाचं, गर्दीत पाय तुडवून घ्याचे, आन् पाहाचं.”

“पोरगी शहरात राहते, तिले वाटलं, घरच्या लोकायले काही नवीन दाखवावं,” भुपेंद्र घाईघाईनं म्हणाला. “नाटकाची तिकिटं मी आताच आणतो. गादीवरची, खुर्चीच्याही पुढची.”

“तो कागद काय हाय?” सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे बारीक होते आणि त्यांना सगळं दिसायचं.

रुखमिणीनं कागद मांडीखालून काढून लेकाकडं दिला. तिला वाटलं, असेल काही गमतीचं. पाहुण्यांसमोर नातीचं पत्र वाचलं तर पोरीचं वळण दिसेल, असंही मनात आलं. “वाच,” ती म्हणाली.

भुपेंद्रनं वर्गात वाचतात तसं खणखणीत सुरू केलं.

“‘आजी, बाबांना सांगायची हिंमत होत नाही म्हणून तुला लिहिते. या वर्षी तिकिटं नाटकाची नाहीत. रविवारी इथल्या ट्रॅकवर सोळा गाड्यांची शर्यत आहे. अकरा नंबरची गाडी...’”

तो थांबला.

“वाचा ना गुरुजी,” डोमाजी म्हणाले.

“‘अकरा नंबरची गाडी मी चालवणार आहे.’”

कामिनीच्या हातातला वडा परातीत पडला. रुखमिणीला वाक्य कळलं, पण त्याचा अर्थ तिच्यापर्यंत यायला वेळ लागला, जसा तलावाच्या पलीकडच्या धोब्याचा हात आधी खाली येतो आणि आवाज नंतर ऐकू येतो. चालवणार आहे. मोनू. जिला अजून केसांची वेणी आजीकडून घालून घ्यायला आवडायची, ती.

भुपेंद्र वाचत राहिला, आता आवाज वर्गातला राहिला नव्हता. “‘नोकरी आहे ते खरं आहे. शनिवार-रविवार ओव्हरटाइम असतो असं सांगायचे ते खोटं होतं. तेव्हा मी शिकत होते. तीनशे मुलींतून सहा निवडल्या, त्यांत मी आहे. तुला हे कोणी शिकवलं, असं बाबा विचारतील. आबाजींनी.’”

“कोणी?” रुखमिणीनं विचारलं.

“आबाजींनी, लिहिलं आहे. बाबांनी.” भुपेंद्रनं कागद खाली केला. “माझ्या बापानं.”

“पुढं वाच.”

“आई, पाहुणे आहेत.”

“पाहुण्यायनं ऐकलंच आहे. वाच.”

“‘पटांवर बंदी होती ती वर्षं. उन्हाळ्यात बोडीतलं पाणी आटलं की आबाजी पहाटे छकडा जुंपायचे आणि तिच्या पोटातल्या सपाट जागेत नेऊन दोर माझ्या हातात द्यायचे. तू मंदिरात जायचीस तेवढा वेळ. आरतीची घंटा वाजली की आम्ही बैल सोडायचो, आणि तू यायच्या आत चुलीजवळ येऊन बसायचो.’”

रुखमिणीला ते चुलीजवळचे दोघं दिसले. बाराही महिने पहाटे मंदिरात जायचा तिचा नेम होता. परतली की आजा-नात बशीतून चहा पीत बसलेली असायची. पोरीच्या गालावर धूळ असायची. ‘काय वो, झोपेतून उठली का मातीतून?’ असं ती विचारायची, आणि यादोराव बशीत तोंड घालून हसायचे. त्या हसण्याचं कारण तिला आज, पाहुण्यांच्या समोर, लेकाच्या तोंडून कळत होतं. एका खोलीत त्रेचाळीस वर्षं झोपलेल्या माणसाची तिला ओळख नव्हती.

भुपेंद्रला पुढं वाचवेना. शुभांगी पुढं आली, पिठाच्या हातानं तिनं कागद घेतला आणि हळू आवाजात उरलेलं वाचलं.

“‘आजी, रविवारी तू दिवा लावून, पाणी सोडून घरी बसू नको. आबाजींना मी एकदा विचारलं होतं, तुम्ही शेवटच्या दौडीत दोर का आखडता? ते म्हणाले, मी कुठं आखडतो, ती घरी तहानलेली बसली आहे ना, ती ओढते. आजी, मी पण तशीच आहे. तू घरी बसलीस तर वळण यायच्या आधीच माझा पाय ब्रेकवर जाईल. तू समोर बसलीस, पाणी पिऊन बसलीस, तर नाही जाणार. बाकीचे आले नाहीत तरी चालेल.’”

शुभांगीनं कागदाची घडी घातली, होती तशीच.

सुशीलाबाई पहिल्यांदा बोलल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्त लागला. “मोटार चालवते त्याचं काही नाही वो. आमच्या वसाहतीत एक पोरगी ट्रॅक्टर चालवते. पण लोकायनं तिकीट काढून पाहाचं म्हणजे... नाटकातल्या बाईले पाहातेत तसंच झालं ना?”

भुपेंद्रचा चेहरा काळवंडला. दर वर्षी मंडईच्या मांडवात अध्यक्ष म्हणून माइकवर बोलणारा माणूस तो. त्याच्या लेकीची तुलना कोणी मांडवात रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या बाईशी करील, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

“वहिनी, तुले माहीत होतं,” कामिनी एकदम म्हणाली. “तू दचकली नाहीस.”

शुभांगीनं मान खाली घातली नाही. “दसऱ्याले सांगितलं तिनं मले.”

“तुले माहीत होतं?” भुपेंद्र बायकोकडं वळला. “आणि तू पाहुणे बोलावू दिले?”

“मले विचारलं कोणी? कामिनीताईनं स्थळ आणलं, तुम्ही हो म्हटलं. मी वडे तळत होती.”

“माझ्यावर काहून ढकलते? मी काय वाईट केलं? सोन्यासारखं घर आणलं.”

“तुमी चांगलंच केलं, ताई. पोरीलेच सांगितलं नाही, एवढंच.”

“आणि पोरीनं आम्हाले सांगितलं होतं काय?” भुपेंद्र उभा राहिला. “नाही चालाचं. मी फोन लावतो.” त्यानं तीनदा लावला. तीनदा तीच बाई बोलली, फोन बंद आहे म्हणून. सरावाच्या वेळी फोन काढून घेतात, असं शुभांगी म्हणाली, आणि हे तिला ठाऊक असल्याचा त्याला आणखी राग आला.

“तिकिटं इकडे द्या. सगळ्यायनं.”

वह्या गोळा करतात तसा तो पाटापाटापुढून हात पसरत गेला. सुशीलाबाईंनी लगेच दिलं. कामिनीनं दिलं. शुभांगीनं जरा थांबून दिलं. रुखमिणीचा हात आपोआप पुढं झाला. देऊन झाल्यावर तिला कळलं की आपण दिलं.

डोमाजींनी मात्र तिकीट बंडीच्या खिशात घातलं. “दिलेलं तिकीट पाहुण्याकडून मागे घेत नाहीत, गुरुजी. हे तुमच्या बापाचीच रीत होय. भर मंडईत त्यांनीच मले शिकवली.”

“हे नाटकाचं नाही जी.”

“तिकीट तिकीट असते.”

भुपेंद्रनं बाकीची पाच एकावर एक ठेवली आणि फाडली. कागद चिवट होता, एका झटक्यात फाटेना. दात आवळून दोनदा पीळ द्यावा लागला. तेवढा वेळ सगळे बघत राहिले, आणि ते बघणं फाडण्याहून वाईट होतं.

*

देवघरात रुखमिणी भिंतीला टेकून बसली. समई पेटती होती. पाकिटाच्या जागी तसबिरीपुढं रिकामी जागा दिसत होती.

तीस वर्षं ती समजत होती की तिच्या तहानेनं तो माणूस सुखरूप येतो. बैल उधळले, छकडा उलटला, शेजारच्या गावच्या धुरकऱ्याचा पाय गेला, पण यादोराव प्रत्येक वेळी उंबऱ्यात आले. ते आले की ती तांब्या तोंडाला लावायची, आणि ते धुळीच्या पायांनी उभे राहून तिचं पिऊन होईपर्यंत बघत राहायचे. जिंकले का हरले, हे तिनं कधी विचारलं नाही. आणि आज कळत होतं की त्या तांब्याचाच त्यांना घोर होता.

त्याहून दुसरी गोष्ट मोठी होती. ती तिनं अजून कोणाला सांगितली नव्हती.

कामिनी आत आली. तिनं दार लोटलं. “आई, सुशीलाबाई निघतो म्हणतेत. मी थांबवून पाहिलं. तू एक शब्द बोल ना.”

“सोमवारी मोनूचा फोन आला होता,” रुखमिणी म्हणाली.

“मंग?”

“पाकीट भेटलं का, म्हणे. म्या म्हटलं, भेटलं, देवाजवळ ठेवलं. मंग म्हणे, आजी, सगळे येतीन काय? म्या म्हटलं, न येऊन कसे राहातीन? म्हणे, तू? म्या म्हटलं, मी तं पहिल्या रांगेत बसीन, पाहाजो.” रुखमिणीनं पदर तोंडाशी धरला. “मले वाटलं, नाटकाचं विचारून राहिली. ती रडाले लागली, कामिनी. मी म्हटलं, वेडी झाली काय, तिकिटं तूच पाठवली ना. तं म्हणे, हो आजी, म्हणूनच.”

कामिनी खाली बसली. स्थळ, सुशीलाबाई, चटईचं तिकीट, सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरत गेलं.

“म्हणजे ती तठी वाट पाहात असन.”

“मी बसतो म्हटलं तिले. देवासमोर उभी राहून म्हटलं. हातात जपमाळ होती माझ्या.”

“तुले माहीत नव्हतं, आई.”

“तिले कुठं माहीत आहे, का मले माहीत नव्हतं?”

बाहेर भांड्यांचा आवाज झाला. कामिनीनं समईची वात पुढं सारली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, “मी बारा वर्षांची असताना दोर मागितला होता बाबांले. तूच मले कानाखाली दिली होती. पोरीची सावली दानीवर पडू नये म्हणून.”

“दिली होती.”

“मी काही म्हणत नाही. नुसतं सांगतो.”

रुखमिणीनं लेकीचा हात धरला. दोघींनाही त्याची सवय नव्हती, त्यामुळं तो हात तसाच मध्ये पडून राहिला. “कामिनी, एक सांग. म्या त्याईले घरी आणलं, का म्या त्याईले हरवलं?”

“हरवून घरी आणलं असन,” कामिनी म्हणाली. “मले काय समजते. पण मोनूले तू पाणी पिऊन पाहिजे, एवढं लिहिलं आहे तिनं. ते तं साधं आहे.”

दाराबाहेर कोणी खाकरलं. डोमाजी होते. आत न येता उंबऱ्याबाहेर उभे राहिले. “बाई, आमी निघतो. आमच्या बाईनं गाडीत जाऊन बसून घेतलं. सोयरिकीचं पुढं पाहू, आज काही बोलत नाही मी. पण यादोरावची जोडी म्या सात वेळा पाहिली. पहिल्या दौडीत वारा. शेवटच्या दौडीत दोन हात मागं. लोकं म्हणत, जोडी थकली. म्या म्हणो, जोडी नाही थकली, धुरकऱ्याची मान घराकडं हाय.” त्यांनी धोतराचा सोगा सावरला. “कारण आज समजलं. वाईट नका वाटू देऊ. आमच्या घरी कोणी एक पेला पाणी नाही सोडलं माझ्यासाठी.”

मग त्यांनी खिशातून तिकीट काढलं, वाकून उंबऱ्यावर ठेवलं. “माझा मोतीबिंदू व्हाचा हाय. मले एवढ्या लांबचं कायचं दिसते? पाहुण्याचं तिकीट, पाहुण्याच्या मर्जीचं. गुरुजीले सांगाचं काही कारण नाही.”

ते गेले. तिकीट उंबऱ्यावर होतं. लाल गाडीच्या नाकावर वड्याच्या तेलाचं एक बोट उमटलं होतं.

कामिनीनं मोबाईल काढला. “नागपूरहून रात्री आठच्या नंतर एक गाडी आहे. उद्या दुपारी पोचते.” ती बोटानं काहीतरी वर-खाली करत होती. “दोन-चार जागा उरल्या म्हणून दाखवून राहिला. खालची नाही, मधली. चढशील?”

“भजनी मंडळाच्या ट्रकवर चढतो मी.”

“मी आली असती आई, पण मी गेली का दादा सरळ स्टेशनवर येईन. तू नाही दिसली तं त्याले वाटन, मंदिरात आहे.”

“खोटं नको सांगू त्याले.”

“सांगत नाही. विचारलं तं सांगीन. विचारेपर्यंत तू वर्धा पार केली असशीन.”

शुभांगी आत आली तेव्हा तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं उंबऱ्यावरचं तिकीट उचलून पदरानं पुसलं, सासूच्या हातात दिलं आणि फडताळातून तिची कापडी पिशवी काढली. दोन लुगडी, शाल, जपमाळ, कुंकवाची डबी, आणि स्टीलच्या डब्यात वडे.

“तू चाल,” रुखमिणी म्हणाली.

“तिकीट एकच आहे, आई. आणि आज मी घर सोडलं तं ते मोनूलेच दोष देतीन. मी अठी राहून त्याईले समजावतो.” तिनं पिशवीच्या बंदाला गाठ मारली. “तिले म्हणजा, आईनं पण तिकीट घेतलं होतं.”

*

तीन वाजता भुपेंद्र मांडवात गेला. मंडईचा अध्यक्ष होता, जाणं भाग होतं. रुखमिणीनं देवाला नमस्कार केला, आणि काही मागितलं नाही. मग शेजारी रंभाबाईच्या दारात गेली.

“तीन दिवस काकड्याची माझी वात तू लावजो. तेल भरून ठेवलं आहे.”

रंभाबाई सुपारी कातरत होती, तिचा हात थांबला. एकेचाळीस वर्षं ती आणि रुखमिणी एकाच अंधारातून मंदिराकडं जात होत्या. “कोठी जाऊन राहिली वो? बरी आहेस ना?”

“बरी आहे. चेन्नईले जाऊन राहिली. मोटारीची शर्यत पाहाले.”

रंभाबाई इतकी हसली की सुपारी सांडली. “जा माय, जा. बैलाची नाही पाहिली, मोटारीची पाह्य.”

रस्ता माणसांनी भरला होता. जिलबीच्या कढया, बांगड्यांच्या हातगाड्या, पाळण्याची किरकिर. दंडारवाले पायात घुंगरू बांधत होते. लाउडस्पीकरवर भुपेंद्रचा आवाज चालू होता. गावात आलेल्या सर्व लेकीबाळींचं आणि पाहुण्यांचं तो स्वागत करत होता, आणि दर वर्षीसारखाच मधूनमधून थांबत होता. फक्त आज ते थांबणं थोडं लांबत होतं. रुखमिणी एकदा उभी राहिली. लेक बोलतो आहे आणि आपण पाठ फिरवून चाललो आहोत, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग ती रस्त्याच्या कडेनं, समोरून येणाऱ्यांना वाट देत चालू लागली.

थांब्यावर भंडाऱ्याची एसटी नुकतीच येऊन लागली होती. दार उघडल्याबरोबर लोक भडाभडा उतरले, नवे कपडे, कडेवरची पोरं, हातात पिशव्या. सगळे उतरून गेल्यावर रिकाम्या गाडीत ती एकटी चढली आणि खिडकीजवळ बसली.

कंडक्टर तिकिटांचं यंत्र घेऊन आला. “आजी, मंडई तं अठी हाय. तुमी कोठी चालल्या?”

“माहीत आहे बापू,” रुखमिणी म्हणाली. “एक भंडारा द्या.”